नऊ पिनांचा लॅपटॉप

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही यंत्रं शिकायला. मराठीशी माझा संबंध दहावीच्या निबंधापाशी संपला. त्यातून मी जे सांगणार आहे त्यात एका वयस्कर माणसाचं नुकसान माझ्या हातून झालेलं आहे. अशा माणसाने कागद पुढे ओढून बसावं हा आगाऊपणा वाटेल, मलाही वाटतो. पण ही गोष्ट मी इतकी वर्षं तोंडी सांगत आलो आणि दर वेळी ती थोडी माझ्या बाजूने सांगितली गेली, हे अलीकडे माझ्या लक्षात आलं. लिहिताना तसं करायचं नाही असं ठरवलं आहे. कुठे जमलं नाही तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सत्त्याण्णव साल असावं. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, इलेक्ट्रॉनिक्सला. आमचं गाव उंब्रजपासून आत, फाट्यावरून तासभर चालत. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती कुपवाडला राहत होती. दाजी तिथल्याच एका वर्कशॉपात ऑपरेटर होते. त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची मला मिळाली. दाजी मला कधी नावाने हाक मारत नसत. "इंजिनेर पावणं" म्हणायचे. सकाळी मी तोंड धुवायला गेलो की, "इंजिनेर पावणं, बंबातलं पाणी कुठल्या फॉर्म्युल्यानं तापतंय, सांगा बगू." ताई आतून हसायची आणि मीही हसायचो. आयटीआय झालेला, हाताने फार हुशार माणूस. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपच्या जॉबना त्यांनीच कानस कशी धरायची ते शिकवलं होतं. मला ते मनापासून आवडायचे, हेही लिहून ठेवतो.

त्यांच्या शेडमध्ये दोन मशीन होत्या. सीएनसी लेथ म्हणतात तसल्या, म्हणजे आकडे भरले की त्या आकड्यांबरहुकूम लोखंड कापणाऱ्या. परदेशातल्या कुठल्या तरी कारखान्याने पंधरा वर्षं वापरून काढून टाकलेल्या, त्या मालकांनी आणल्या होत्या. अंगाने दणकट, पण स्मरणशक्ती अगदी कमी. एका वेळी एक-दोन जॉबचे, म्हणजे एक-दोन सुट्या भागांचे, आकडे त्यांच्या पोटात मावायचे. वीज जाऊन आली की तेही विसरायच्या. मग ऑपरेटरने आपली डायरी उघडायची आणि मशीनच्या झिजलेल्या बटणांवर दोन-तीनशे ओळी परत एकेक करून दाबायच्या. अर्धी पाळी त्यातच जायची.

एका मशीनवर दाजी होते, दुसऱ्यावर मामा. मामा म्हणजे वर्कशॉपातले सगळ्यांचेच मामा, कराडजवळच्या मलकापूरचे, कामासाठी कुपवाडला खोली घेऊन राहिलेले, पंचावन्नच्या आसपासचे. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं बघून बघून शिकलेले. त्यांची डायरी मी पहिल्यांदा लांबून पाहिली तेव्हा मला काही कळलंच नाही. सगळे आकडे मराठीत. मशीनवरच्या एक्सला त्यांनी 'फुली' केलं होतं, झेडला 'झ'. "ग १ फुली २० झ वजा १५." कठीणातले कठीण जॉब त्या डायरीत होते, आणि ते फक्त मामांनाच जमतात म्हणून पंप बनवणारं एक मोठं गिऱ्हाईक मालकांकडे टिकून होतं. ऑपरेटर लोकांत एक रीत होती, अजूनही असेल. दुसऱ्याची डायरी उघडायची नाही. जेवायच्या सुट्टीत भाजी एकमेकांच्या डब्यातली खायची, पण डायरी ज्याची त्याने पिशवीत ठेवायची.

मी सुट्टीत शेडमध्ये जाऊन बसायचो. मामांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवला. "घट्ट न्हाई पिरगळायचं, लेका. त्याला कळतंय कुठं थांबायचं ते, तुजंच चुकतंय." मी गाववाल्यांपैकी म्हणून त्यांना माझं कौतुक होतं. माझ्या वडलांना ते कधी भेटले नव्हते, पण "शेती सोडून पोरगं शिकवतोय, कसला माणूस आसंल" असं दोनदा तरी म्हणाले.

मामांना मोतीबिंदू झाला होता. मराठी एक आणि मराठी नऊ, तेलकट डायरीत, अधू डोळ्यांना सारखेच दिसतात. त्या दिवाळीच्या सुमाराला त्यांनी एकाच्या जागी नऊ दाबला आणि कापणारं टूल जाऊन तुकडा पकडणाऱ्या फिरत्या जबड्यावर आदळलं. कुणाला लागलं नाही. पण आवाज रस्त्यापर्यंत गेला.

दिवाळी झाल्यावर मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. दाजी माझ्या मागे उभे होते. मालक मला अहो-जाहो करायचे, त्याचं मला फार अप्रूप वाटायचं.

"मामांना मी काढणार नाही," ते म्हणाले. "पण हाताने टाइप करणं आता बंद झालं पाहिजे. ह्या मशीनना मागे सिरिअल पोर्ट आहे. लॅपटॉप जोडला की प्रोग्रॅम वायरीतून आपोआप आत जातो म्हणतात. तुम्ही असा लॅपटॉप शोधून द्या. तसं झालं तर मामा रिटायर होईपर्यंत निवांत बसतील. नाही झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला तरी काय इलाज आहे?"

म्हणजे गोष्ट सरळ होती. लॅपटॉप मिळाला तर मामा राहणार, नाही मिळाला तर जाणार. डेस्कटॉप त्यांनी आधीच लावून बघितला होता. लोखंडाचा कीस आणि कापताना सोडायच्या कूलंटच्या पाण्याचा ओलावा ह्यांनी तो दोन महिन्यांत संपला. लॅपटॉप कपाटात ठेवता येणार होता, कामापुरता बाहेर काढता येणार होता.

मी अगदी ऊर भरून बाहेर आलो. कॉलेजात शिकलेल्या गोष्टीने कुणाचं तरी पोट वाचणार, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं.

केबल मी स्वतः केली. मशीनकडे पंचवीस पिनांचं सॉकेट, लॅपटॉपकडे नऊ पिनांचं. कुठली तार कुठे जायची ते मशीनच्या जर्मन पुस्तकातल्या आकृतीवरून काढलं. सोल्डर करताना बोट भाजलं. पोर्ट तपासायची एक साधी युक्ती लॅबमधल्या सरांनी सांगितली होती. दुसरी आणि तिसरी पिन तारेने जोडायची आणि कीबोर्डवर एक अक्षर दाबायचं. एका पिनेतून बाहेर गेलेलं अक्षर दुसरीतून परत येतं आणि पडद्यावर दिसतं. दिसलं तर पोर्ट जिवंत. मी ताईच्या केसातली पिन वाकवून खिशात ठेवली आणि शोधाला लागलो.

सांगलीतल्या एका दुकानात अगदी नवाकोरा लॅपटॉप होता. दुकानदार भला माणूस, त्याने हात लावू दिला. ताईच्या पिनेने अक्षर परत आलं. मग मी आकडे पाठवायचा, मशीनबरोबर आलेला जुना प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चालवला, तर तो उघडला आणि लगेच बंद झाला. 'शून्याने भागाकार' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर आली. मी झटकन फ्लॉपी बाहेर काढली. वाटलं, लाख मोलाची वस्तू आपण बिघडवली. दुकानदार म्हणाला, "लॅपटॉपला काय धाड भरली नाही, तुमचाच प्रोग्रॅम म्हातारा झालाय." सरांनी नंतर समजावलं. जुना प्रोग्रॅम सुरू होताना संगणकाचा वेग मोजतो. नवा संगणक इतक्या झपाट्याने काम उरकतो की लागलेला वेळ शून्य भरतो, आणि शून्याने भागायला गेला की प्रोग्रॅम मरतो. नव्या वस्तूला आमचं काम फार सोपं असल्यामुळेच जमत नव्हतं. मला हे कळायला दोन दिवस लागले.

दुसरा लॅपटॉप एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीचा होता. वहीसारखा पातळ. मी मागची बाजू बघितली, डावी बघितली, उजवी बघितली, पोर्ट कुठेच नाही. "त्याची एक वेगळी पेटी येते," तो म्हणाला, "ती मुंबईच्या ऑफिसात असते." मी त्याचे आभार मानले आणि स्टँडवर येऊन बराच वेळ बसून राहिलो. पातळ होण्यासाठी पोर्ट काढून टाकतात, ही कल्पनाच मला नवीन होती.

तिसरा मिरजेच्या एका डॉक्टरांकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणला. त्यावर जुना प्रोग्रॅम चालला. अक्षर परत आलं. मशीनला जोडला आणि मामांनी वाचायचं बटण दाबलं. मशीन नुसती वाट बघत राहिली. मी केबल उलटी करून पाहिली, वेग कमी करून पाहिला. शेवटी मीटर लावला तेव्हा कळलं. मशीनला बारा व्होल्टांची सवय आणि हा लॅपटॉप बॅटरी वाचवायला जेमतेम पाच देत होता. माझ्या लांब केबलमधून त्यातलंही थोडं गळत होतं.

मी मामांना हे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "म्हंजी आवाज बारीक हाय त्याचा," ते म्हणाले. "मशीन माज्यासारखी म्हातारी. तिला मोठ्यानंच सांगाय पायजे."

दाजी पलीकडून ओरडले, "मग मामीस्नी आणून उबं करा की मशीनम्होरं."

सगळे हसले, मामा जास्तच. मला मात्र रडू येण्यासारखं झालं होतं, कारण जानेवारी उजाडला होता. मालक रोज विचारत होते. मी वर्ग बुडवू लागलो होतो.

चौथ्याचा पत्ता सरांकडून मिळाला. साताऱ्याला सदरबझारात एक गृहस्थ होते. साखर कारखान्यांचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आता घरीच असत. रविवारी सकाळच्या एसटीने मी गेलो. त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि माझी केबल हातात घेऊन दोन्ही टोकं बघितली. म्हणाले, "सोल्डरिंग बरं आहे तुमचं."

मग त्यांनी कपाटातून लॅपटॉप काढला. इतका जड की त्यांना तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. पडदा निळसर, दोनच रंगांचा. बॅटरी केव्हाच मेलेली, प्लग लावला तरच चालणारा. मागे नऊ पिनांचं पोर्ट, दोन्ही बाजूंना स्क्रू.

"नवीन बघूच नका," ते म्हणाले. "पातळ दिसला की सोडून द्यायचा. पोर्ट आहे एवढ्याने भागत नाही, त्याच्यात जोर किती आहे ते मोजायचं. आणि घड्याळ हळू हवं. उसाच्या काट्याला घाई चालत नाही, तसंच तुमच्या मशीनचं."

मी मीटर लावला. साडेअकरा व्होल्ट. परत एकदा लावून पाहिला, तेवढेच.

"मशीनवर कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

मी मामांबद्दल सांगितलं. डोळ्यांबद्दल, डायरीबद्दल सांगितलं.

"त्यांना विचारलंय?"

"त्यांच्यासाठीच नेतोय," मी म्हणालो.

त्यांनी लॅपटॉपची वायर गुंडाळली. मग म्हणाले, "न्या. व्यवहाराचं तुमच्या मालकांशी बोलतो मी फोनवर. पण एक लक्षात ठेवा. मी वीस वर्षं काट्यांवर फिरलो. काटा दुरुस्त झाला की सगळेच खूश होतात असं नाही."

मी हो म्हणालो. खरं म्हणजे मी ऐकत नव्हतो. पिशवी मांडीवर घेऊन कराडपर्यंत बसलो, आणि खड्डा आला की ती दोन्ही हातांनी वर उचलून धरत होतो.

सोमवारी वर्कशॉपला सुट्टी, मंगळवारी जोडला आणि तो चालला. मामांनी बटण दाबलं आणि मशीनच्या पडद्यावर आकडे आपोआप चढायला लागले, वीस, चाळीस, शंभर ओळी. मामा चष्मा वर करून बघत राहिले. "लेका, चाललं की," एवढंच म्हणाले. दुपारी त्यांनी स्वतः जाऊन भडंग आणलं आणि सगळ्यांना वाटलं. मालकही ऑफिसातून बाहेर येऊन उभ्या उभ्या खाऊन गेले.

पण आता आकडे लॅपटॉपमध्ये भरायला हवे होते. मशीनच्या पोटात दोनच जॉब, बाकी सगळे डायऱ्यांमध्ये. दाजींनी घरी आल्या आल्या आपली डायरी माझ्यापुढे टाकली. "ही घे. आदी माजीच घाल. मामांची तू माग. दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाईत ते."

"मालकांनी मागितली तर?"

"मालकाला तर लांबनं बी दाखवायचं न्हाईत. तुजं आइकतील. तुज्यावर जीव हाय त्यांचा."

मी मामांना विचारलं. त्यांनी डबा बंद करून पिशवीत ठेवला. दोन दिवस नुसते काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून डायरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. वरचं कव्हर ग्रीसने काळं झालेलं. कुठल्याशा औषध दुकानाची जुन्या सालची डायरी, दर पानावर तारीख छापलेली, आणि एकेक जॉब नव्या पानावर सुरू होऊन पुढच्या दोन-तीन पानांवर गेलेला. मी कॉलेजातून आलो की शेडमधून लॅपटॉप घरी आणून, ताईच्या खोलीत बसून ती त्यावर चढवायचो. फुलीचं एक्स, झचं झेड. आठ-दहा दिवसांत मला मामांचं अक्षर माझ्या अक्षरासारखं वाचता येऊ लागलं.

पहिला जॉब त्यांच्याच मशीनवर पाठवला. मी केबल काढली, मामांनी जबड्यात तुकडा पकडला, आणि आता सुरू करणार तोच त्यांनी हात मागे घेतला.

"थांब," ते म्हणाले. आजूबाजूला बघितलं. दाजी त्या दिवशी मालाबरोबर टेंपोतून गेले होते. "ह्यातली एक ओळ खोटी हाय."

मला कळेना.

"लय वर्सांमागं, दुसऱ्या एका वर्कशॉपात माजी वही एकानं रातोरात उतरून घेतली. आट दिवसांत मी बाहेर, त्यो माज्या मशीनवर. तवापास्नं मी एक ओळ खोटी लिवतो. जॉब सुरू व्हतो त्या पानावर तारीक छापलीय का, तितकावी ओळ. तितला आकडा एकानं वाडवून लिवलेला आसतोय. बाराव्या तारकंच्या पानावर बारावी ओळ. एक कमी केला की झालं. उतरून घेणाऱ्यानं तसंच चालीवलं तर टूल जबड्यात."

मी डायरीच्या पानावरची तारीख बघितली. मग विचारलं, "हे कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच न्हाई."

"दाजींना?"

"तुज्या दाजीला तर न्हाईच न्हाई," मामा म्हणाले आणि हसले. मीही हसलो. मग त्यांच्यासमोरच मी पहिल्या जॉबमधली ती ओळ दुरुस्त केली. त्या आठवड्यात बाकीच्या सगळ्या केल्या. एकूण एक्काहत्तर जॉब होते.

आणि पुढच्या सोमवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवताना मी दाजींना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मामांची हुशारी सांगायची म्हणून, कौतुकाने सांगितलं. दाजींचा घास हातातच राहिला. "बाराव्या तारकंला बारावी," ते म्हणाले. "लय डोक्याचं हाय म्हातारं." मग म्हणाले, "तू सगळ्या दुरुस्त केल्यास न्हवं?"

"सगळ्या."

"ब्येस."

सगळं दोन फ्लॉप्यांवर उतरवून मी मालकांच्या हातात दिलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मामांचा महिना सुखाचा गेला. वीज गेली तरी ते आता बाकावर बसून तंबाखू मळत, आणि वीज आली की मी किंवा दाजी केबल जोडायचो. मामा मला म्हणाले, "उन्हाळ्यात डोळा करून घेतो. आता भ्या न्हाई." मी परीक्षा दिली आणि गावी गेलो.

जूनमध्ये परत आलो तेव्हा ताई भांडी पोत्यात भरत होती. दाजी उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी मला बघून कपाळावर हात मारला.

"मालकानं दगा दिला, पावणं," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी क्रेन आणून दोनी मशीनं उचलली. लॅपटॉप बी न्हेला. आमी दुसऱ्या दिवशी जातो तर शेड मोकळी. मामा बी रस्त्यावर, मी बी."

"कुठे नेली?"

"कुणाला ठावं. आमी आता कोल्लापूरकडं बगतो काय तरी."

 मी त्यांच्या शेजारी बसलो. मालक मला अहो-जाहो करत होते, माझी पाठ थोपटत होते, आणि सगळा वेळ त्यांना लॅपटॉप हवा होता तो मामांना ठेवायला नाही, मामांशिवाय मशीन चालावी म्हणून. एवढं मला त्या उंबऱ्यावर समजलं. मीच दाजींना धीर दिला. "दाजी, तुमच्या हाताला कुठंबी काम मिळंल," म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

शेड जाऊन बघितली. जिथे मशीन होत्या तिथे जमिनीतून बोल्ट वर आलेले, भोवती तेलाचे चौकोन.

दुसऱ्याच दिवशी मी मलकापूरला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले.

"या साहेब," ते म्हणाले. "बसा."

त्यांनी मला आयुष्यात कधी साहेब म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलं नव्हतं. मी बसलो. मामींनी पाणी आणलं. मामांनी त्यांना चहा ठेवायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत बसले. मी सगळं सांगितलं. मालकांनी मला काय सांगितलं होतं, माझ्या मनात काय होतं. "मामा, मला काही माहीत नव्हतं," म्हणालो. "मलाही फसवलं. दाजींनाही फसवलं. दोघं तुम्ही एकाच दिवशी शेडवर गेला आणि—"

"बरं," मामा म्हणाले.

"दाजी पण बसून आहेत घरी."

"बरं बरं. च्या घ्या तुमी."

मी चहा घेतला. त्यांनी फाट्यापर्यंत सोडायला मुलाला पाठवतो म्हटलं, मी नको म्हणालो. निघताना वाकून पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि आशीर्वादही दिला नाही. त्या दिवसापासून मामांनी माझ्याविषयी गैरसमज करून घेतला असं मला वाटत राहिलं. थोडा रागही आला होता, हे खरं आहे. मी इतकी धावाधाव केली, आणि त्यांना माझ्यावर एवढाही विश्वास ठेवता येऊ नये, असं मनात यायचं. मालकांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही.

शेवटचं वर्ष मी कॉलेजजवळ खोली घेऊन काढलं. ताई आणि दाजींची फार गाठ पडली नाही. दाजींना कोल्हापूरकडे काम लागलं एवढं कळलं होतं. मी साताऱ्याला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो.

पुढच्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. मी रविवारी गावी गेलो होतो. सकाळी आम्ही दोघं सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो आणि ती तिकडचं सांगत होती. शेजारीण कानडी बोलते, भाजीवाली कानडी बोलते, तिला आता मोजण्यापुरतं कानडी येतं.

"कोल्हापुरात कानडी कुठली?" मी विचारलं.

"कोल्लापूर न्हवं, निपाणीच्या पलीकडं. मालकानं क्वार्टर दिलीय."

"कुठला मालक?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "आपला. कुपवाडचा. मशीनं तिकडंच न्हेली न्हवं का. ह्ये सुपरवायजर हायती तितं. तुला ठावं न्हाई व्हय? ह्ये तर म्हणत हुते, पावण्याला समदं ठावं हाय."

मी हातातली शेंग फोडली. तिला काही वाटू नये म्हणून साधाच प्रश्न विचारतोय असं दाखवत विचारलं, "कवापासनं ठरलं हुतं गं हे?"

"दिवाळीतच की," ताई म्हणाली. "मालक म्हणाला, एकच माणूस न्हेणार, ज्याच्याकडं मामांचे जॉब आसतील त्यो. ह्यांनी शब्द दिला, आमचा मेव्हणा काढून दील म्हणून."

दिवाळीत. म्हणजे मी सांगलीच्या त्या दुकानात पाऊल टाकलं त्याच्याही आधी.

"आणि मामांना?" मी विचारलं. "मामांना कवा कळलं?"

"मामा हुतेच की त्या दिवशी," ती म्हणाली. "क्रेनचा आवाज आइकून कुणीतरी बलवून आणलं त्यास्नी. गेटाभाईर उबं हुते बगत. ह्येच तर बोल्ट खोलत हुते."